ट्रॅक्टरचा फिल्टर सीलबंद खोक्यातून घेऊ नका, खोकं दुकानातच उघडा

वडिलांचा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर जुन्नरकडे गावी अजून चालतो. ही गाडी मूळची मुंबईचीच. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यात हा ट्रॅक्टर बनू लागला. आता त्याचे पार्ट तालुक्याला मिळत नाहीत, म्हणून दादाचा फोन आला की मी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात जातो.

यावेळी ऑइल फिल्टर हवा होता. या इंजिनाला हल्लीसारखा डबा फिरवून बसत नाही. लोखंडी बाऊलमध्ये कागदी एलिमेंट, म्हणजे ऑइल गाळणारा भाग, बसतो, मधल्या बोल्टने बाऊल आवळतात आणि वरच्या खाचेत रबराची रिंग असते. दुकानदाराने नामांकित कंपनीचं खोकं काढलं, वर प्लास्टिकचं सील. "उघडून दाखवा" म्हटल्यावर म्हणाला, "साहेब, सील फोडलं की परत घेत नाही. ओरिजिनल आहे, डोळे झाकून लावा." बिल मागितलं तर म्हणे पक्क्या बिलावर टॅक्स वेगळा पडेल. हे सरळ खोटं आहे, छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. मी अडून बसलो तेव्हा बिल मिळालं, पण त्यावर लिहिलं फक्त "ऑटो पार्ट".

गावी मिस्त्रीने फिल्टर बसवला. नांगरट चालू असताना बाऊलच्या कडेने ऑइल उडू लागलं आणि प्रेशरचा काटा खाली आला. दादाची नजर काट्यावर होती म्हणून त्याने लगेच इंजिन बंद केलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर क्रँकची बेअरिंग जळाली असती, आणि या इंजिनाची बेअरिंग शोधणं फिल्टर शोधण्याहून अवघड आहे.

बाऊल खोलला तर रिंग फुगून खाचेबाहेर आलेली. ऑइलला नायट्राइल रबर लागतं. साधं रबर ऑइलमध्ये फुगतं. एलिमेंट जुन्याशेजारी ठेवला तर पाच-सहा मिलिमीटर आखूड, म्हणजे न गाळलेलं ऑइल वरच्या फटीतून सरळ पुढे जात होतं. त्याच्या टोकाची झाकणं पुठ्ठ्याची होती आणि गरम ऑइलने त्यांचा गोंद सुटला होता.

मी सगळं घेऊन दुकानात गेलो. मालक म्हणाला, "बिलात फिल्टर कुठे लिहिलाय? हा आमचा माल कशावरून?" बिल अर्धवट का लिहिलं होतं ते तेव्हा उलगडलं. यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावावर न जाता कुणा वेगळ्याच माणसाच्या खात्यात गेले होते. या माणसाला नकली माल अंगाशी येणार हे आधीपासून माहीत होतं आणि त्याने सुटायची वाट तयार ठेवली होती. मला राग याचाच आहे. शेतकऱ्याच्या इंजिनाशी असं खेळायचं!

म्हणून जुना एलिमेंट पुसून सोबत न्या. खोकं काउंटरवरच उघडायला लावा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. उंची जुळवा, टोकाची झाकणं अंगठ्याने दाबून बघा. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असायलाच हवा. बिलावर कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रिंगची शंका आली तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, साधं रबर असेल तर सकाळी फुगलेलं दिसेल.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि ज्या कंपनीचं खोकं होतं तिलाही फोटो पाठवले आहेत. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. खोकं, रिंग, एलिमेंट यातलं काही फेकू नका. आणि अशा "ऑटो पार्ट" बिलावर घेतलेला फिल्टर तुमच्या ट्रॅक्टरला लागलेला असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता आजच बाऊल खोलून बघा.