आरटीओबाहेरच्या एजंटचा रिव्ह्यू (पुतण्याचं पक्कं लायसन्स)

लर्निंग पोरानं घरी बसूनच काढलं, आधार नंबर टाकून ऑनलाइन परीक्षा, २०२१ पासून आपल्याकडे ही सोय आहे आणि चांगली चालते. खरी गंमत पक्क्याला. गाडी नीट चालवतो तरी टेस्टला नापास, कारण विचारलं तर "पुढच्या वेळी या". मग गेटबाहेर गेलो. छत्री, प्लास्टिकचं टेबल, स्टेपलर, गोंदाची बाटली. एजंटनं अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीकशी खूण केली, म्हणाला काका टेन्शन नका घेऊ. आणि खरंच, त्याच ट्रॅकवर पोरानं आठ काढला न काढला तोच पास!

सर्व्हिस म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही. फोन उचलतो, रेट आधीच सांगतो. घेतले सरकारी फीच्या कितीतरी पट, पण ते माझ्या खिशातून त्याच्या खिशात गेले, देशाचं त्यात थेट काही बुडालं नाही. बुडतं ते हे, की एवढा चलाख माणूस, नियम तोंडपाठ, कुठलाही धंदा केला असता तर चालवला असता, तो दिवसभर बसतो कशासाठी तर मुद्दाम अडवलेलं दार उघडून द्यायला. आणि असे तिथे ओळीनं बसलेत. आतल्यांनाही मग टेस्ट सरळ ठेवण्यात काय इंटरेस्ट असणार?

अर्थशास्त्रात याला रेंट सीकिंग म्हणतात, म्हणजे नवीन काही न बनवता अडवलेल्या दारावरची आयती कमाई मिळवायची धडपड. अर्थतज्ज्ञ अॅन क्रूगर बाईंनी १९७४ साली हिशोब मांडला होता, १९६४ च्या भारतात परमिट-लायसन्समधून मिळणारी अशी आयती कमाई राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के! आणि ती आपल्याला मिळावी म्हणून लोक जो वेळ-पैसा घालवतात, तो पाण्यात.

दिल्लीतल्या लायसन्सवरही २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला होता. एजंटकडून गेलेल्या बहुतेकांनी टेस्टच दिली नव्हती, नंतर वेगळी टेस्ट घेतली तर कित्येकांना गाडी धड चालवता येईना. म्हणजे एजंटचं बिल मी भरलं पण उरलेलं बिल समोरून येणारा भरणार (आमचा पोरगा चालवतो बरी, बाकीच्यांचं देव जाणे).

रेटिंग तीन स्टार, ते त्या माणसाच्या कामाला. रिन्युअल, पत्ता बदल वगैरेसाठी मात्र याच्याकडे जाऊ नका, सरकारच्या सारथी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरा. पुणेकरांनो, चारचाकी असेल तर भोसरीला आयडीटीआरला (ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था) सेन्सरवाला ट्रॅक आहे, तिथे पेन्सिलच्या खुणेचं काम नाही, रिव्हर्सची प्रॅक्टिस करून जा.