पिल्लू शिकायला पाठवावे की घरीच शिकवावे? व्हीलचेअरवरून केलेली तुलना

मणक्याच्या इजेमुळे कमरेखालची हालचाल गेलेल्या माणसाने पिल्लू आणले, की त्याला वळण कोण लावणार, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. नाशिकमध्ये याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे शहराबाहेर मळ्याच्या जागेत चालणाऱ्या एखाद्या निवासी केंद्रात, ज्याला सगळे हॉस्टेलच म्हणतात, पिल्लू काही आठवडे ठेवणे. आणि दुसरी म्हणजे ट्रेनरला घरी बोलावून मधल्या दिवसांत सराव स्वतः घेणे. मी दुसरी वाट धरली, त्यामुळे पुढच्या मजकुराचा कल कोणीकडे जाईल हे वाचकांनी गृहीत धरायला हरकत नाही.

हॉस्टेलची बाजू कमकुवत मुळीच नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शी-शूसाठी न्यावे लागते, आणि रात्री पलंगावरून खुर्चीत येण्यासाठी ज्याला दुसऱ्याचा हात लागतो, त्याने हे कसे निभवायचे? दातांचा त्रास तर त्याहून मोठा आहे. दुधाचे दात सुईसारखे असतात, ते साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात, आणि तोवर पायाची बोटे हे पिल्लाचे आवडते खेळणे असते. संवेदना नसलेल्या पायाला चावा कळत नाही. रात्री मोजा काढल्यावर रक्ताचा डाग दिसतो आणि अशा पायाची जखम लवकर भरत नाही. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा त्याहून वर असलेल्यांचे तर न जाणवणाऱ्या वेदनेनेही बीपी एकाएकी चढू शकते. युरिन बॅगची लोंबती नळी पिल्लाला किती मोहात पाडते, हे तर वेगळे सांगायला नको. घरातही मी बूट घालूनच बसत असे आणि नळी पँटच्या आतून घेत असे.

मात्र हे महिने हॉस्टेलमुळे टळतात, असे मला वाटत नाही. मी चौकशी केली त्या केंद्रांत लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू घेत नव्हते, आणि रेबीजची लस सहसा तिसरा महिना उलटल्यावरच देतात. म्हणजे अवघड काळाचा बराचसा भाग घरीच जातो. शिवाय नव्या वस्तू आणि आवाज पिल्लू सहज स्वीकारते तो काळ सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा असतो; खुर्चीच्या चाकांची ओळख त्याला तेव्हाच व्हायला हवी.

माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच कटकटीमुळे. इंदिरानगरमधील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचे लॅब्रॅडॉर हॉस्टेलमधून उत्तम शिकून आले होते. तेही व्हीलचेअर वापरतात. त्यांच्या धाकट्या भावाने उभे राहून ‘सिट’ म्हटले की कुत्रे तत्काळ बसे, आणि यांनी तोच शब्द उच्चारला की ते मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहत राही. कुत्रे शब्दाच्या आधी शरीर वाचते. उभ्या माणसाचा वरून येणारा हात, त्याचे किंचित वाकणे, पट्ट्याला वरच्या दिशेने बसणारा हलका हिसका, हे सर्व मिळून त्याच्या लेखी ‘सिट’ होते, आणि खुर्चीतल्या माणसाकडे यातले काहीच नसते. एका जागी, एका माणसाकडून शिकलेली गोष्ट कुत्रे दुसरीकडे आपोआप लागू करत नाही. त्यामुळे मालकाला बहुतेक शिकवणी पुन्हा घ्यावी लागते. मग पहिल्यांदाच आपण का घेऊ नये, असा विचार मी केला.

घरी येणाऱ्या ट्रेनरला मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शिकवण्याची विनंती केली आणि त्याने ती आनंदाने मानली. खाली वाकता येत नसल्याने खाऊ देण्यासाठी आम्ही स्वयंपाकघरातील लांब दांड्याचा लाकडी डाव घेतला. त्याच्या टोकाला थोडे दही लावायचे, डाव पिल्लाच्या नाकासमोरून हळूहळू वर न्यायचा, आणि बूड टेकताच ‘शाबास’ म्हणून चाटू द्यायचे. याच डावाने ते खुर्चीच्या डाव्या अंगाला राहायला शिकले. सर्वांत जास्त सराव मात्र ‘मागे’ या शब्दाचा घेतला, कारण पुढच्या छोट्या चाकांखाली पंजा येण्याची भीती सतत असते. पिल्लू दोन पावले सरकल्याशिवाय मी चाकाला हात लावत नसे. पट्टा खुर्चीला कधीही बांधला नाही. मांजर दिसल्यावर मोठे झालेले कुत्रे खुर्ची आडवी करू शकते, आणि माझे दोन्ही हात चाकांवर असतात. त्यामुळे गोदापार्कचा फेरफटका आजही मुलीकडेच आहे.

या वाटेने वेळ फार लागतो, हे मान्य करायला हवे. शिवाय घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा लागतो. आमच्या आईचे ‘बस गं बाई’ आजतागायत सुटलेले नाही.

ज्यांच्या हातांतही जोर नाही किंवा जे एकटे राहतात, त्यांना हॉस्टेल कदाचित अधिक सोयीचे पडेल. त्यांनी शुल्काची बोलणी करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, असे मला वाटते: ट्रेनर रोज थोडा वेळ खुर्चीत बसून सराव घेईल का, आणि शेवटच्या आठवड्यात आपल्याला आपल्या व्हीलचेअरसह तिथे येऊन कुत्र्याला स्वतः आज्ञा देऊ देतील का.