बॉडी फॅट वजनकाटा, वर्षभर वापरून: वजन चोख, बाकी सगळं एकाच आकड्यावरून

रात्री ॲप आपोआप अपडेट झालं आणि सकाळी माझ्या अंगावर साडेतीन किलो चरबी चढलेली होती. वजन कालचंच, ६८.४. फॅट मात्र २३.८ वरून थेट २९.१ टक्के. जेवढी चरबी चढली तेवढेच स्नायू उतरले. 'मेटाबॉलिक एज' ५२ चं ५८ झालं. झोपेत सहा वर्षं गेली म्हणायची.

कस्टमर केअर म्हणालं, "सर, अल्गोरिदम इम्प्रूव्ह केला आहे." मग आधीचे वर्षभराचे आकडे चुकीचे होते का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "सेल बदलून बघा." बदलले. तीन सेलचा खर्च माझा. आकडा हलला नाही. दुसऱ्या मेलनंतर त्यांनी तक्रार 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकली. काय रिझॉल्व्ह झालं ते त्यांनाच ठाऊक.

वजनाबद्दल माझं काही म्हणणं नाही. नवा गॅस सिलिंडर आला तेव्हा काचेवर पाट ठेवून तो तोलला, पाटाचं वजन वजा केलं. टाकीवर उठवलेलं रिकाम्या टाकीचं वजन अधिक १४.२ किलो, ही बेरीज काट्याशी शंभर ग्रॅमच्या आत जुळली. एवढ्या किमतीत उत्तम. फक्त लागोपाठ तीनदा उभं राहून तिन्ही वेळा तोच आकडा आला म्हणून हुरळू नका. बरेच काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की तेच पुन्हा दाखवतात. खात्री करायची तर मध्ये एकदा काहीतरी जड हातात घेऊन उभे राहा, मग पुन्हा रिकाम्या हाताने.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येतो. ॲपमध्ये डझनभर आकडे दिसतात: फॅट, स्नायू, हाडं, प्रथिनं, पाणी, बीएमआर (नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला जाळतं ती ऊर्जा), वगैरे. मी आयुष्यभर हिशोब लिहिले आहेत. एका रकान्यातून दुसरा काढलेला असला की मला तो लगेच दिसतो. पूर्वी फॅट २३.८ होतं आणि पाणी ५५.६. अपडेटनंतर फॅट २९.१ आणि पाणी ५१.८. शंभरातून फॅट वजा करा आणि उरलेल्याला ०.७३ ने गुणा. दोन्ही वेळा दशांशापर्यंत ताळा जुळतो! चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं, हे गृहीतक खरं आहे आणि अभ्यासकही ते वापरतात. पण माझ्या काट्याने माझं पाणी मोजलेलं नाही, माझ्याच फॅटवरून गुणाकार करून ते मलाच परत दाखवलं आहे. आणि त्याखाली लाल अक्षरांत सल्ला, 'पाणी कमी आहे, जास्त प्या'. तो वाचून मी कितीतरी दिवस जास्तीचा तांब्या रिचवत होतो.

मोजलं काय जातं तर दोनच गोष्टी, वजन आणि रोध, म्हणजे विजेला अंगात होणारा अडथळा. अगदी बारीक वीज एका पायातून चढते, ओटीपोटातून जाते आणि दुसऱ्या पायातून उतरते. स्नायूंत पाणी आणि क्षार असल्याने तिथून ती सहज जाते, चरबीत अडते. पोटाचा वरचा भाग, छाती, हात यांच्या वाट्याला ती जवळजवळ जातच नाही. पोट सुटलेल्या माणसाचं खरं दुखणं कमरेभोवती, आणि काट्याचा सगळा भरवसा मांड्या-पोटऱ्यांवर. उरलेलं काम उंची, वय, स्त्री की पुरुष आणि वजन घेऊन सूत्र करतं. प्रोफाइलमध्ये उंची पाच सेंटीमीटर वाढवून उभा राहिलो. पाय तेच, सकाळ तीच, आणि फॅट उतरलं.

रोधसुद्धा पाण्यावर नाचतो. आमच्याकडे निर्जळी एकादशी पाळतात. द्वादशीच्या सकाळी पारण्याआधी बायको उभी राहिली तर वजन पाऊण किलो कमी आणि फॅट टक्क्याहून जास्त चढलेलं. अंगातलं पाणी घटलं की रोध वाढतो, आणि काटा त्याला चरबी समजतो. गंमत अशी की पोटभर पाणी पिऊन लगेच उभं राहिलं तरी फॅट वाढतंच. पोटातल्या पाण्याने वजन वाढतं, रोध लगेच बदलत नाही, मग जास्तीचं वजन चरबीच्या खात्यात. भेगाळलेल्या कोरड्या टाचांनीही आकडा वर जातो, म्हणून तळवे ओल्या फडक्याने पुसून उभं राहायचं.

इथपर्यंत मी एक स्टार देणार होतो. मग चिडून डेक्सा करून घेतला. म्हाताऱ्यांच्या हाडांची घनता तपासतात तेच क्ष-किरणांचं यंत्र. खर्च काट्याच्या किमतीहून जास्त, तो निव्वळ रागाचा खर्च. निकाल ३०.६ टक्के. म्हणजे ज्या अपडेटवर मी भांडत होतो, ते सत्याच्या जास्त जवळ निघालं. वर्षभर मला खूश ठेवणारा २३.८ हाच फसवा होता. डेक्साही देववाणी नाही, यंत्र बदललं की एक-दोन टक्के इकडचे तिकडे होतात. चरबी खरोखर थेट मोजायची तर शवविच्छेदनच हवं, आणि त्याची मला घाई नाही. पण सात टक्क्यांचा फरक यंत्राच्या नावावर टाकता येत नाही.

जुनं सूत्र कुठल्या माणसांवर बेतलं होतं ते कंपनी सांगत नाही, पण मला अंदाज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, ही आपल्याकडची तऱ्हा. उंची-वजनावर भिस्त ठेवणारं परक्या अंगाचं सूत्र आपल्याला लावलं तर ते कमीच दाखवणार.

सध्या मी ॲपमधले बाकीचे रकाने लपवले आहेत. सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, उघड्या फरशीवर उभा राहतो आणि फॅटची फक्त आठवड्याची सरासरी बघतो. सोबत शिवणकामाची टेप कमरेला. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा, आणि तिला अपडेट येत नाही. पेसमेकर असेल तर हा काटा घरात आणूच नका. गरोदर बाईनेही वीज सोडणारा भाग वापरू नये, नुसतं वजन बघावं.

तीन स्टार. तिन्ही वजनासाठी. आलेखात मार्चपर्यंत एक सपाट रेघ आणि मग उभी भिंत आहे, कारण जुने आकडे जुन्याच सूत्राचे राहिले आहेत. माझ्या रोधाचे मूळ आकडे कंपनीकडे असायला हवेत. ते नव्या सूत्रात घालून सगळा आलेख पुन्हा काढून द्या, चौथा स्टार त्याच दिवशी टाकतो. तशी मागणी करणारी तिसरी मेल पाठवली आहे.