आरसी५२२ कार्ड रीडर, सात महिन्यांनी: बोर्डाशी जमलं, पिनांशी नाही

आधी पिनांबद्दल बोलतो, बाकीचं नंतर.

आरसी५२२चा, म्हणजे टेकवलेलं कार्ड वाचणारा निळा बोर्ड ज्यांनी घेतलाय त्यांना पिशवीत काय येतं ते ठाऊक आहे: बोर्ड, पांढरं कार्ड, किल्लीला अडकवायचा निळा बिल्ला आणि आठ-आठ पिनांच्या दोन पट्ट्या, एक सरळ, एक काटकोनात वळलेली. पट्ट्या सुट्या. सोल्डर आपण करायचं. कारखान्यातूनच आठ डाग देऊन पाठवले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?

माझं बिघडलं. ऑनलाइन मागवलेला पहिला बोर्ड मी ठाण्यात घरी बसून सोल्डर केला, ईएसपी३२ला (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) जोडला आणि चिपची आवृत्ती विचारली, तर उत्तर ००. म्हणजे पलीकडे कोणी नाहीच. वायरी बदलल्या, तेच. व्होल्टेज मोजलं, बरोबर ३.३. विक्रेत्याला फोटो पाठवले. “सर, प्रॉडक्ट सोल्डर केलेलं दिसतंय, रिटर्न होणार नाही.” मी लिहिलं, अहो, सोल्डर केल्याशिवाय चालतो की नाही हे कळणार कसं? “सर, पॉलिसी वाचा.” चार दिवस हेच. आमच्या गोखले रोडवरचा नारळवालासुद्धा कुजका निघाला तर बदलून देतो, आणि नारळ तर फोडल्याशिवाय कळतच नाही! प्रश्न १४० रुपयांचा नव्हता. (होता. १४० रुपयांचाच होता.)

दुसरा बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून आणला. ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड, तसंच परत. भाडं, वडापाव आणि कटिंग धरलं तर बोर्डापेक्षा बोर्डाची यात्रा महाग पडली. पण दुकानदारानं समोर जोडून दाखवला. त्याच्याकडेही पट्ट्या सुट्याच, पण पिना भोकांत तिरक्या दाबून धरल्या की तेवढ्यापुरता बोर्ड चालतो ही युक्ती त्यानं शिकवली. याची आवृत्ती ८८ आली. अस्सल चिप ९१ किंवा ९२ सांगते, ८८ म्हणजे नक्कल. दुकानदार म्हणाला, “साहेब, या भावात अस्सल कुठली?” तेही खरंच.

घेतला होता पुतण्यासाठी. तो नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला मेट्रोचं खेळण्यातलं फाटक करायचं होतं: कार्ड टेकवलं की वीस रुपये कापायचे आणि सर्व्हो मोटर आइस्क्रीमची काडी वर उचलणार. मी २०१४ पासून ठाणे-घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो असा जातो. प्लास्टिकची टोकनं जाऊन कागदी क्यूआर आलेला पाहिलाय. त्यामुळे फाटकांबद्दल मला बरंच कळतं असा माझा समज होता.

पहिले दोन महिने या बोर्डाला मी रोज शिव्या घातल्या. कार्ड अगदी चिकटवलं तरच वाचायचा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. दोष नकली चिपला दिला. असल्या बोर्डांवरच्या अँटेनाजवळची दोन बारीक कॉइल्स हलकी असतात, ती बदलली की पल्ला वाढतो असं वाचलं होतं, म्हणून तीही मागवणार होतो. मग एकदा बोर्ड डब्याबाहेर काढलेला असताना कार्ड सहज तीन सेंटिमीटरवरून वाचलं गेलं आणि ट्यूब पेटली. मी बोर्ड दिवाळीच्या मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता. १३.५६ मेगाहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र आणि त्याच्या चारी बाजूंनी पत्रा! श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात हलवल्यापासून तक्रार नाही. तेव्हा पल्ल्याबद्दल मी लोकांना जे सांगत फिरलो ते मागे घेतो. नकली चिपनं काही वाईट काम केलेलं नाही.

आता ज्यासाठी हा बोर्ड खरंच घ्यावा ते. सोबत येणारं पांढरं कार्ड मायफेअर क्लासिक वन-के जातीचं असतं. त्यात सोळा कप्पे, प्रत्येकात चार ब्लॉक, ब्लॉकमध्ये १६ बाइट, आणि कप्प्याच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये त्याच्या दोन किल्ल्या, म्हणजे पासवर्ड. कारखान्यातून येताना किल्ली म्हणजे ओळीनं बारा एफ. आम्ही ती तशीच ठेवली आणि शिल्लक कार्डावर लिहिली. चौथ्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, माझं कार्ड संपतच नाही.” पठ्ठ्यानं शंभर रुपये असतानाच कप्प्याची नक्कल लॅपटॉपवर काढून ठेवली होती. पैसे संपले की तीच परत लिहायची.

मला एकदम लोकलच्या तिकिटाची जुनी कुपनं आठवली. लाल मशीनमध्ये घातलं की स्टेशन, तारीख, वेळ छापून यायची. आमच्या मजल्यावरचे एक काका कुपनावर आधी मेणबत्ती घासायचे, म्हणजे शाई धरायची नाही आणि घरी आल्यावर पुसता यायची. कागद तोच, प्रवास नवा. पुतण्यानं नेमकं तेच केलं होतं, फक्त मेणबत्ती लागली नाही.

मग किल्ली बदलली. ४८ बिटांची, मनानं बनवलेली. मला वाटलं, झालं. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की काही झालेलं नाही. हे कार्ड १९९४चं, आणि त्याची सगळी भिस्त क्रिप्टो-१ नावाच्या सायफरवर, म्हणजे माहिती सांकेतिक करायच्या पद्धतीवर, जी कंपनीनं गुप्त ठेवली होती. २००७च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी दाखवलं की चिपचे थर एकेक करून घासून काढले, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले की आतलं सर्किट वाचता येतं. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठानं सायफरची पुरती चिरफाड केली. ही चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी त्यावरचा निबंध थांबवायला कोर्टात गेली आणि जुलै २००८मध्ये हरली. लंडनचं ऑयस्टर आणि नेदरलँड्सचं ओव्ही-चिपकार्ट ही प्रवासाची कार्डं तेव्हा याच चिपवर चालत होती. आज एका कप्प्याची किल्ली माहीत असली की बाकीच्या किल्ल्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं काही मिनिटांत निघतात. आम्ही तर बदलली होती एकाच कप्प्याची.

पुतण्याला यातली बॉस्टनची गोष्ट सगळ्यात आवडली. २००८मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांना तिथल्या मेट्रोच्या कार्डावर डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत बोलायचं होतं, तर वाहतूक प्राधिकरणानं कोर्टातून त्यांचं भाषणच रोखलं. २०२३मध्ये त्याच व्यासपीठावर त्याच कार्डाबद्दल चार शाळकरी पोरं बोलली, आणि या वेळी प्राधिकरणानं त्यांना आधी भेटायला बोलावून सगळं ऐकून घेतलं होतं. शाळकरी हा शब्द त्यानं दोनदा म्हणून दाखवला. त्याच्या आईला मी ही गोष्ट सांगितलेली नाही. आमच्यात करार झालाय: कार्डं आपली, फाटक आपलं, बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही.

शेवटी किराणावाल्याचा उपाय केला. फाटकानं स्वतःची वही ठेवायची. कार्ड म्हणतंय शंभर आणि वही म्हणतेय वीस, तर काडी उचलायची नाही. पुतण्याची शंका रास्त होती: मग कार्डावर पैसे लिहायचेच कशाला, नुसती वही का नाही? त्याला म्हटलं, सकाळी पावणेनऊला घाटकोपरला ये. मागची माणसं ढकलत असताना फाटक कुठल्या तरी सर्व्हरला “यांचे किती?” विचारत थांबलं तर जिन्यापर्यंत रांग जाईल. अर्ध्या सेकंदाच्या आत, नेटवर्क असो नसो, निकाल लागायला हवा. म्हणून पैसे कार्डात, आणि म्हणून कार्ड भक्कम लागतं.

माझ्या बँकेचं रुपे कार्ड एनसीएमसीचं आहे, देशभर मेट्रो-बसला एकच कार्ड चालावं म्हणून मार्च २०१९मध्ये सुरू झालेली ती योजना. त्यातल्या ऑफलाइन पाकिटात जास्तीत जास्त २००० रुपये राहतात. ते आमच्या रीडरवर ठेवलं तर बोर्डानं फक्त जात ओळखली, आयएसओ १४४४३-४, आणि एक नंबर दिला. दुसऱ्यांदा ठेवलं तर नंबर निराळा. कप्पे वगैरे काही नाहीच. या जातीची कार्डं बँकेच्या चिपची. आत छोटा संगणक असतो, प्रत्येक व्यवहारावर तो स्वतः सांकेतिक सही करतो आणि आतला व्यवहारांचा आकडा फक्त पुढे जातो. मेणबत्ती घासायला कागदच नाही. आरसी५२२सोबत वापरायची नेहमीची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, इथं हात टेकते. असल्या कार्डांशी नीट बोलायचं तर पीएन५३२ हा दुसरा रीडर घ्या म्हणतात. तिप्पट किंमत आहे. मी घेतलेला नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. गेल्या शनिवारी जुन्या वायरी शोधताना तो पहिला, मेलेला बोर्ड हाती लागला. पुतण्यानं आजीचं भिंग आणून पाहिलं. “काका, ही पिन नुसती टेकलीय.” मिसोची पिन, चिपचं उत्तर जिच्यातून येतं ती. डाग वरून गोलगरगरीत, खाली बोर्डाला धरलेलाच नाही. तापवून थेंबभर सोल्डर दिलं. आवृत्ती: ९२.

म्हणजे बोर्ड चांगला होता, चिपही नकली नव्हती, आणि तो विक्रेता न बघताच बरोबर होता. याचा राग सात महिन्यांपूर्वीपेक्षा जास्त येतोय. पिना लावून पाठवल्या असत्या तर मी चुकलोच नसतो.

आता पुतण्याला दोन फाटकं करायचीत, एक आत जायला, एक बाहेर यायला, अंतराप्रमाणे भाडं कापायचंय. बोर्ड आहेत दोन, श्रीखंडाचा डबा एकच. दुसरं अर्धा किलो उद्या आणतोय, आम्रखंड.