ब्रूम, तरवड, खुळखुळा की टेकोमा: पुण्यात पिवळं झुडूप कोणतं लावावं?

मे महिन्यात बहिणीकडे एडिनबराला गेले होते. गावाबाहेरच्या टेकडीवर बिनकाट्याची, हिरव्या काड्यांची झुडपं पिवळ्या फुलांनी अशी लगडली होती की काड्याच दिसेनात. हाच ब्रूम. काटे असतील तर तो गॉर्स, ते झाड वेगळं. एका फुलाच्या खालच्या पाकळ्यांवर बोट दाबलं, तशी ती फटकन उघडली, पुंकेसर उसळून बाहेर आले आणि बोटावर परागांची पूड सांडली. मधमाशी बसली की नेमकं हेच होतं. तेव्हापासून हे झुडूप मनातून जाईना.

तुम्हालाही ते हवंसं वाटत असेल तर आधी त्याच्या गरजा बघा. मूळ घर पश्चिम आणि मध्य युरोप. त्याला थंडी लागते, भरपूर ऊन लागतं आणि रेताड, किंचित आम्लधर्मी, पाणी न साचणारी माती लागते. पुण्यात यातलं ऊन तेवढं हमखास. आपली काळी माती चिकट आणि चुनखडीची, एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास, आणि त्यानंतर चार महिने मुळं ओली. मी बी सँडपेपरवर घासून, रात्रभर गरम पाण्यात भिजवून पेरलं. कवच कठीण असल्यामुळे एवढं करावंच लागतं. उगवलं छान, पण जुलैच्या झडीत खोडं मातीलगत काळी पडली आणि एकेक रोप आडवं झालं. फार जीव तुटला.

हट्टच असेल तर भूमध्य समुद्राकाठचा स्पॅनिश ब्रूम घ्या. फुलं सुवासिक असतात आणि चुनखडी, कोरडा उन्हाळा तो सोसतो. खोल कुंडीत निम्म्याहून जास्त मुरूम आणि जाड वाळू भरा, पावसाळ्यात कुंडी छपराखाली सरकवा. शेणखताचा मारा नको, शेंगावर्गातलं झाड असल्यामुळे मुळांच्या गाठींतून नत्र मिळवतं. मुळं दुखावलेली चालत नाहीत, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावा. छाटणी फुलं सरल्यावर लगेच आणि फक्त हिरव्या काड्यांची. जुन्या लाकडात कात्री घातली तर तिथून बहुधा फुटवा येत नाही.

एक कळकळीची विनंती: महाबळेश्वर-पाचगणीला घर असेल तर तिथे ब्रूम लावू नका. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांत तो शोभेसाठी आला आणि माळांवर पसरला. शेंगा तडकून बी दूर उडतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. परदेशातून बॅगेत बी आणणंही नियमाविरुद्ध आहे.

ब्रूमच्या फुलाचा घाटच आवडला असेल, तर आपल्या खुळखुळ्याकडे वळा. तागाचा हा भाऊबंद, फूल अगदी त्याच घडणीचं. वाळलेली शेंग कानाशी हलवली की आत बिया खुळखुळतात. जूनमध्ये पेरला की पावसाळा सरताना फुलतो, आणि वाळत्या झाडावर रुईवरची टायगर फुलपाखरं झुंबड करतात. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीतही होतो. मात्र झाड वर्षा-दोन वर्षांचं, आणि बी विषारी. ब्रूमही विषारीच, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर दोन्ही नकोत.

टेकोमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुठल्याही नर्सरीत मिळतो, भराभर वाढतो, जवळजवळ वर्षभर फुलतो. घाई असेल, कंपाउंड झाकायचं असेल तर तोच. पण मूळचा अमेरिका खंडातला, आणि बी पडून आपोआप उगवत राहतो.

जमीन असेल तर माझं मत तरवडाला. सासवड-जेजुरीकडच्या माळावर तो मुरमात, कुणी पाणी न घालता उभा असतो. नवरात्रात घटावर चढते ती त्याच फुलांची माळ. फुलाचा घाट ब्रूमसारखा नाही, पाच सुट्या पाकळ्या असतात, पण लांबून पिवळा भर तोच. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, पूर्वी साल कातडी कमवायला वापरत. बी ब्रूमसारखंच टणक, तेव्हा घासून, भिजवून पहिल्या पावसात थेट जागेवर पेरा. पहिलं वर्ष जपा, मग पाण्याची फिकीर नाही. वाळलेल्या चपट्या शेंगा हिवाळ्याच्या अखेरीस झुडपावरच मिळतात. एका झुडपाच्या दहा-बारा शेंगा घेतल्या तरी घरच्या कुंपणाला पुरून उरतात.