आधी कोणता पैसा काढावा: लातूरच्या एका कर सल्लागाराकडील अनुभव

वाळूजच्या कारखान्यातून मार्च 2025 मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होऊन मी उदगीरला परतलो, तेव्हा भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि बँकेतील ठेवी अशी चार ठिकाणी पुंजी होती. पैसा कुठे गुंतवावा हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, पण त्यातला आधी कोणता काढावा हे सांगणारा कोणी भेटेना, म्हणून लातूरला गंजगोलाईजवळच्या एका कर सल्लागारांकडे गेलो. दोन बैठका, लेखी आराखडा आणि जुलैमधील विवरणपत्र यांचे मिळून त्यांनी चार हजार रुपये घेतले.

त्यांनी सर्वांत आधी हात घातला तो भविष्य निर्वाह निधीला. ‘व्याज मिळतेय, राहू द्या’ असा माझा विचार होता. परंतु नोकरी सुटल्यानंतर त्या खात्यावर जमा होणारे व्याज करपात्र ठरते, हे मला ठाऊक नव्हते. ती रक्कम काढून 30 लाख रुपये पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेथे 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500 रुपये मिळतात, आणि ते न उचलता पडू दिले तर त्यावर पुढे व्याज मिळत नाही, म्हणून बचत खाते जोडून घ्यायला त्यांनीच सांगितले. पीपीएफला मात्र शेवटपर्यंत हात लावू नका, असे त्यांचे म्हणणे पडले, कारण तिथले व्याज पूर्णपणे करमुक्त आहे आणि नवी भर न घालता खाते पुढे चालू ठेवले तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते.

‘उरलेले सौभाग्यवतींच्या नावावर टाकतो’ म्हटल्यावर ते हसले. पत्नीला दिलेल्या पैशांवरचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हे त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. त्या व्याजातून पुढे जे व्याज उभे राहील, तेवढेच तिचे.

चूक झाली ती म्युच्युअल फंडात. घरावर मजला चढवण्यासाठी मला सहा लाख हवे होते आणि इक्विटी फंडातील तेवढी युनिट्स विकल्यास दीर्घ मुदतीचा नफा 2,05,000 रुपये होत होता. पोस्टाचे व्याज 2,46,000 आणि बँकेतील ठेवींचे सुमारे 2,90,000 धरूनही एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आतच राहते, तेव्हा नव्या कररचनेत कर शून्य, असे त्यांच्या सहायकाने आराखड्यात लिहून दिले होते. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर शून्यावर आणणारी, नव्या कररचनेतील 87 ए कलमाची सवलत या नफ्यावरील कराला लागू होत नाही, असे मी कुठेतरी वाचले होते, म्हणून दुसऱ्या बैठकीत विचारले. सल्लागारांनी आराखडा पुन्हा पाहिला आणि चूक मान्य केली. सव्वा लाखाची सूट वजा जाता 80,000 रुपयांवर 12.5 टक्के कर आणि उपकर मिळून 10,400 रुपये भरावे लागले असते. मग दरवर्षीचा नफा सव्वा लाखाच्या आत राहील अशा बेताने काही युनिट्स 31 मार्चपूर्वी आणि उरलेली एप्रिलमध्ये विकण्याचे ठरले. गवंड्याला थोडे थांबवावे लागले, एवढेच.

चूक मान्य करण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, ही जमेची बाजू. पण मी विचारलेच नसते तर, हा प्रश्न उरतोच. पहिल्या बैठकीच्या अखेरीस विम्याच्या पेन्शन योजनेचे एक माहितीपत्रक पुढे सरकवले गेले, तेही खटकले. कर सल्ला आणि विमाविक्री एकाच टेबलावर नसावी.

व्याजातून आधीच कर कापला जाऊ नये म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी द्यायच्या 15 एच अर्जांच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. पोस्टासाठी एक आणि दोन्ही बँकांसाठी वेगवेगळे असे तिन्ही अर्ज त्यांनी भरून दिले आणि पोच घ्यायला विसरू नका, असे दोनदा बजावले. जाताना सर्व खात्यांची वर्षाची विवरणे छापून न्यावीत. माझ्याकडे एका बँकेचे नव्हते, त्यापायी उदगीर-लातूर अशी एक जादा खेप पडली.