‘विसंबणे’ कुठे सापडते? शिकागो विद्यापीठाच्या ऑनलाइन मराठी कोशांचे परीक्षण

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीचे जुने कोश फुकट चाळता येतात. त्यातले कामाचे तीन: मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (1999). ही सोय पारखायला ‘विसंबणे’ हा शब्द उत्तम, कारण तो सरळ नाही.

पहिली ठेच शोधतानाच लागते. मोल्सवर्थ आणि दाते यांच्याकडे क्रियापदे ‘विसंबणें’ अशी, शेवटी अनुस्वार देऊन नोंदलेली आहेत. आपल्या हाताला 1962 च्या शुद्धलेखन नियमांचे वळण, त्यात हा अनुस्वार नाही. म्हणून अनुस्वार द्यावा, नाहीतर नुसते ‘विसंब’ टाकून सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधावे. ‘विसंबून’, ‘विसंबला’ अशी रूपे टाकू नयेत. नोंद मूळ शब्दाची असते.

अर्थांची गंमत पुढे आहे. ‘त्याच्या शब्दावर विसंबून पैसे दिले’ यात भरवसा आहे. ‘आई लेकराला क्षणभर विसंबत नाही’ यात नजरेआड करणे. संतवाङ्मयातले ‘न विसंबे’ या दुसऱ्या वळणाचे. दोन्हींचा धागा संस्कृत ‘विश्रंभ’ शब्दात सापडतो: सैल पडणे आणि त्यातूनच निर्धास्त होणे, विश्वास टाकणे. पकड सैल केली की भरवसाही होतो आणि दुर्लक्षही. (‘विश्वास’ची फोड ‘विश्व + आस’ अशी करतात, ती निव्वळ कल्पना. तो वि + श्वस्, म्हणजे मोकळा श्वास घेणे. आश्वासन त्याच धातूचे.)

व्युत्पत्तीसाठी एकट्या मोल्सवर्थवर थांबू नये. त्याची कंसातली अक्षरे बऱ्याचदा शब्द संस्कृत, अरबी की फारसी एवढेच सांगतात. ‘इमान’, ‘अमानत’ आणि ‘अमीन’ एकाच अरबी धातूचे आहेत, हे त्या खुणेवरून कळणार नाही. दात्यांच्या चौकटी कंसात बऱ्याचदा मूळ शब्द मिळतो, आणि अर्थही मराठीत. जुना वापर तपासायला तुळपुळे.

मोल्सवर्थ खरा उपयोगी पडतो तो उलट्या शोधात. अर्थ इंग्रजीत असल्याने संपूर्ण मजकुरात ‘भरवसा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द (trust) शोधला की विस्मरणात गेलेले मराठी शब्द रांगेने समोर येतात. फक्त निकालांची यादी लांबते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.